हात वर झाला की

पोलिसाने लिहिलेलं वाचून दाखवलं. मुलगी आजोबांचा हात सोडून अचानक रस्त्यावर धावली आणि टेम्पोखाली आली. मग कागद फिरवून त्याने आजोबांपुढे सरकवला, पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं आणि म्हणाला, "इथे सही करा, आजोबा. सावकाश करा."

दवाखान्यातली ती खोली एका टेबलातच संपत होती. जावई आत गेला होता, मुलीचे कपडे ताब्यात घ्यायला. सहा वर्षांची ठमी. सकाळी बसमध्ये तळं कधी येणार, होडी केवढी असणार, असं विचारून विचारून तिने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, आणि दुपारी जेवणाच्या वेळेला ती नव्हती.

टेबलाच्या कडेला बसलेली तिची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, कुणी न विचारताच बोलत होती. ठमी ऐकायचीच नाही. हजारदा सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळीसुद्धा बसमधून उतरताना हात सोडला म्हणून तिने ठमीला एक धपाटा घातला होता. "शेवटी केलंच तिने आपलं खरं," ती म्हणाली.

आजोबा कागदाकडे बघत राहिले. दोन तास सगळे हेच म्हणत होते. टेम्पोवाला म्हणाला, पोर धावत आली. होडीची तिकिटं देणारा माणूसही तेच म्हणाला, आणि त्याच्या खिडकीतून तर रस्ता दिसतसुद्धा नव्हता. आजोबा गप्प होते, त्याला सगळ्यांनी धक्का म्हटलं. धक्का होताच. पण त्याच्या आड ते लपलेही होते, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक सही केली की मिटलं. लहान मूल, धावलं. कुणीही विश्वास ठेवील, आणि ठमी काही खोटं पाडायला येणार नव्हती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ती धावली नाही," ते म्हणाले. "मी हात वर केला, म्हणून ती निघाली."

पोलिसाला काही कळेना. मग आजोबांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षं एका शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देणं, हीच त्यांची नोकरी. अंगात पिवळं जाकीट, एका हातात 'थांबा'ची पाटी, दुसरा हात वर. घरात त्यांना कुणी फारसं विचारत नसे, पण त्या हातापुढे खडीचे ट्रकसुद्धा जागच्या जागी उभे राहत. घरातल्या पोरांनाही शिस्त तीच. आजोबांचा हात वर होईपर्यंत फुटपाथखाली पाऊल टाकायचं नाही, आणि हात वर झाला की इकडेतिकडे बघत रेंगाळायचं नाही, नाकासमोर चालायचं. ठमीने बाकी कुणाचं काही ऐकलं नसेल, पण हा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता.

आज आईबाप तिकिटांच्या रांगेत होते. ठमीला बाथरूमला जायचं होतं, आणि ते रस्त्यापलीकडे होतं. आजोबांनी तिला फुटपाथच्या कडेला उभं केलं, स्वतः दोन पावलं पुढे झाले आणि हात वर केला. सवयीने. जाकीट दोन वर्षांपूर्वीच शाळेत जमा झालं होतं, पाटीही. अंगात सहलीसाठी घेतलेला फुलाफुलांचा शर्ट होता. पहिली मोटार थांबली. तिच्यामागचा टेम्पो कशाला थांबेल? म्हातारा कुणाला तरी हात करतोय असं टेम्पोवाल्याला वाटलं असणार, आणि तो मोटारीच्या बाजूने पुढे निघाला. ठमी कुठेही न बघता नाकासमोर चालत होती.

पोलिसाने पेन उचललं, परत ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. असं लिहिलं तर सगळं तुमच्यावर येईल, त्याने समजावलं. टेम्पोवाल्याचा वकील हेच धरून बसेल, आणि मुलगी तर काही परत येत नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. मग तो आजोबांच्या मुलीकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा यांना."

ती वडिलांकडे बघत होती. त्या बघण्यात माया नव्हती. असती तर आजोबांना ती सोसली नसती.

"म्हणजे तिने ऐकलं होतं," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत ऐकलं, बाळा."

"मग तसंच लिहा," ती पोलिसाला म्हणाली.

पोलिसाने आधीच्या मजकुरावर काट मारली आणि नवा कागद घेतला. आता त्याला सगळं नीट हवं होतं. कुठे उभे होतात, तोंड कुणीकडे, हात कोणता, किती वर. करून दाखवा, म्हणाला. आजोबा उठले. डावा हात टेबलाला टेकून त्यांनी उजवा उचलायचा प्रयत्न केला, तो कमरेच्या वर जाईना. ऊन असो, पाऊस असो, अंगात ताप असो, रोज शेकडो वेळा वर गेलेला हात. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.

मुलगी खुर्चीतून उठली. त्यांचं मनगट धरून तिने तो हात वर नेला, खांद्याच्याही वर, कानाला लागेपर्यंत, आणि तळवा पोलिसाकडे वळवला.

"एवढा," ती म्हणाली. "मीसुद्धा याच हाताखालून शाळेत गेले."