उसनी शिडी

“थांब. शिडी कुठल्या खांद्यावर होती?” मटार सोलता सोलता आईने विचारलं.

“डाव्या. आई, तुला सगळं पाठ आहे.”

“पाठ आहे म्हणून ऐकू नये की काय? वाच.”

लेक वाचू लागली. ती दर रविवारी माहेरी यायची, आणि आईला ही जुनी विनोदी कादंबरी थोडीतरी वाचून दाखवावीच लागायची. छत्र्या दुरुस्त करणारा एक गृहस्थ. घरात बायकोचा जाच, दुकानात गिऱ्हाइकांचा. एके दिवशी तो शेजाऱ्याची उसनी शिडी परत द्यायला निघतो, आणि शेजाऱ्याचं दार मागे टाकून चालतच सुटतो. खांद्यावर शिडी असलेल्या माणसाला ‘कुठे निघालास?’ असं कुणी विचारत नाही, हे तिसऱ्या गावात त्याच्या ध्यानात येतं. लोक त्याला रंगारी समजतात. मग तो रंगारीच होतो. खानावळीच्या पाटीवर घोडा काढायला जातो, त्याची शेळी होते. मालक बिचारा खानावळीचंच नाव बदलतो. शेवटी ओढ्यावर शिडी आडवी टाकून गृहस्थ पलीकडे जातो. कादंबरी संपते.

शेळी आली की आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. आजही हसली.

आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, “तिला सांग, जरा दात कमी काढ म्हणावं.”

तिला म्हणजे आईला. दोघांत अबोला होता. या खेपेला निमित्त शर्टाच्या तुटलेल्या बटणाचं होतं. निमित्तं बदलायची, अबोला तोच. लेक लहानपणापासून या घरची पोस्टमन होती.

“त्यांना सांग, पोचलं,” आई म्हणाली.

लेकीने पुस्तक मिटलं. “लेखक मात्र धांदरट हं. पहिल्याच प्रकरणात ह्याला एक मुलगी आहे. बाप निघतो तेव्हा खिडकीत उभी असते. पुढे तिचा पत्ताच नाही. अशी कशी विसरला तिला?”

“लेखकालाही घरची कामं असतात,” आई म्हणाली. तिने हात पुसून पुस्तक घेतलं, त्याची पाठ चाचपली. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिवणकाम करायची. ही प्रतही तिनेच बांधलेली. “शिवण सैल झालीय. पुढच्या रविवारी पुन्हा शिवू.”

“दोरा आहे का?”

“या घरात एक वेळ मीठ संपेल. दोरा नाही संपायचा.”

दुसऱ्या दिवशी, कारखान्यात, अर्धवट शिवलेल्या पुस्तकावर डोकं टेकवून आई गेली. दोरा सुईतच होता.

भेटायला येणारे यायचे थांबले, तेव्हा आईची कारखान्यातली मैत्रीण आली. तिच्या जिभेमुळे सगळे तिला कात्री म्हणत. तिने आईची कागद दुमडायची हाडाची पट्टी टेबलावर ठेवली आणि शेजारी एक पातळ पुडकं.

“तिच्या कारखान्यातल्या खणात होतं. तुमच्या त्या शिडीवाल्याचा शेवटचा फर्मा.”

“फर्मा?”

“सोळा पानांचा जुडगा गं, एकत्र शिवायचा. तू मोठी पुस्तकं वाचायला लागलीस, तेव्हा तिने ही प्रत घरी न्यायला बांधली आणि हा तेवढा उसवून ठेवला. मी म्हटलं, अगं बये, चांगलं पुस्तक लंगडं करतेस! तर म्हणाली, ‘हे पोरीच्या हाती नको. उगाच ओझं वाटायचं तिला.’”

कात्री गेल्यावर लेक स्वयंपाकघरात बसून वाचू लागली.

गृहस्थ ओढ्यावरून परत येतो. बायको दार उघडत नाही. तो शिडी वरच्या खिडकीला लावतो. मुलगी तिथेच उभी असते. ती विचारते, इतके दिवस कुठे होतात? तो म्हणतो, कुठे नाही गं, शिडी परत करायला आलो. खालून बायको ओरडते, शेजारी केव्हाच घर सोडून गेला!

लेक हसली. मग तिने शिडी परत करायची ती ओळ पुन्हा वाचली.

ती सात-आठ वर्षांची होती. वडिलांनी ताट भिरकावलं होतं. आई फुगलेली पिशवी घेऊन घराबाहेर पडली. लेक दिवसभर खिडकीत उभी. दिवेलागणीला आई परत आली. पिशवी तशीच फुगलेली. “अगं, दोरा आणायला गेले होते,” ती म्हणाली. लेकीने मान डोलावली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

“तिला सांग, दिवा...” आतून वडील म्हणाले.

लेकीने उठून दिवा लावला. आईचा शिवणाचा खण उघडला. पांढऱ्या दोऱ्याची रिळं एकाला एक चिकटून बसली होती. तिने एक उचललं, सुई ओवली, सोळा पानं पुस्तकाच्या शेवटी जागेवर ठेवली. पहिला टाका घालताना ती मोठ्याने म्हणाली,

“आई, त्या दिवशीही खण असाच भरलेला होता. तू यायच्या आधीच मी उघडून बघितला होता.”