गुहेचं माप

शाळेच्या प्रदर्शनात माझ्याच टेबलापुढे गर्दी होती आणि मी नुसती हवेत! आजोबा नंदिनी गावच्या चुनखडी खदानीत ड्राफ्ट्समन होते. त्यांनी तरुणपणी पेन्सिलीने काढलेली खडकांच्या थरांची आणि गुहांची चित्रं मी मांडली होती. सरांनी विचारलं, "गुहा केवढी? मापाला शेजारी माणूस काढतात ना?" मी ठसक्यात म्हटलं, "होती एक बाई, सर, मुंगीएवढी. डागासारखी दिसत होती, मीच खोडरबरानं साफ केली!" मागून आजोबा म्हणाले, "कावून खोडली वं माय? तुही आजी होती ते. खदानीत रेजा होती, मजुरीनं गोटे वाहे. बरोब्बर पाच फुटाची, म्हणून मापाले तिलेच उभी करून काढो मी. तिचा फोटो कधी निघालाच नाही." मला सरांकडे बघवेना. खोडलेल्या जागी पेन्सिलीचा दाब तेवढा उरला होता; आजोबा त्यावरून बोट फिरवत होते.