सेर्दा भगिनींचा दुसरा आवाज

"आई, एकदाच गा. सोमवारनंतर मी मागणार नाही," एवारिस्तो म्हणाला.

"सोमवारनंतर मागून उपयोग काय?" देल्फिना म्हणाली आणि वेदीवरची झेंडूची फुलं सारखी करत राहिली.

सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. जीव वाचेल, आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आईला प्रत्यक्ष गाताना एवारिस्तोनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

तो दिग्दर्शक होता, सॅन अँटोनिओत नावाजलेला. टेक्ससमधल्या कितीतरी गवयांवर त्यानं माहितीपट केले, पण घरच्या गाण्याला आत्ता कुठे हात घातला होता. मधूनमधून तो कथापटही करायचा. त्यांत आई हमखास मरायची. देल्फिना चिडवायची, "अरे मेल्या, मी अजून धडधाकट आहे. किती वेळा मारशील मला?" त्यालाही त्याचं कारण सांगता यायचं नाही.

सेर्दा भगिनींचं नाव एकेकाळी मेक्सिकोच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना गाजलं होतं. अंपारोचा पहिला आवाज, देल्फिनाचा दुसरा. दोघींत वर्षाचं अंतर, सारख्या वेण्या, सारखे झगे. कोण कुठली, ते त्या गायला लागल्यावरच लोकांना कळायचं. मग लारेडोहून परतताना गाडी उलटली आणि अंपारो गेली. एवारिस्तो तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्या दिवसापासून देल्फिनानं गाणं सोडलं. "पोराला आई हवी होती," एवढंच ती सांगायची.

आता माहितीपटाचा शेवट अडला होता. बहिणींच्या शेवटच्या गाण्याची टेप सापडली होती, दोन आवाज वेगवेगळे टिपलेली. अंपारोचा आवाज शाबूत होता. देल्फिनाचा भाग ओल लागून वाया गेला होता. तेवढा भाग आईनं आता टेपसोबत गाऊन द्यावा, असं त्याला वाटत होतं.

"पहिला आवाज वर उडतो, पोरा," एलेउतेरियोकाका कॅमेऱ्याकडे बघून सांगत होते. बहिणींना गिटारवर साथ करणारे तेच. "दुसरा त्याला खालून झेलतो. झेलणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. अंपारोचे नखरेच फार. गळ्याला इतकी जपायची की मिरचीचा वास आला तरी उठून जायची. देल्फिना मात्र नुसत्या मिरच्या..."

"काका, कॉफी निवतेय तुमची," देल्फिना म्हणाली.

एवारिस्तोनं वेदीकडे पाहिलं. आज मृतांचा दिवस, गेलेली माणसं आवडीचं खायला घरी येतात तो. मावशीच्या फोटोपुढे मेणबत्ती, गोड पाव आणि ताटलीत भाजलेल्या मिरच्या होत्या. दरवर्षी असायच्या.

"आई, मावशीला तिखट चालायचं नाही म्हणे."

"गेलेल्यांना आवडीचंच ठेवावं लागतं. खोटं ठेवलं तर येत नाहीत."

त्याला गलबलून आलं. दोघींच्या आवडीनिवडी आईच्या आठवणीत कधीच्याच सरमिसळ झाल्या होत्या तर.

देल्फिनानं फोटो जरा पुढे सरकवला. मग पदराला पुसावेत तसे झग्याला हात पुसून खुर्चीत बसली.

"लाव तुझी टेप. आज ती पण ऐकेल."

"देल्फिना, राहू दे," काका एकदम म्हणाले.

"किती वर्षं राहू देऊ? सोमवारी गळाच जाणार. मग सांगू कशानं?"

एवारिस्तोनं तिला हेडफोन दिला, स्वतःही लावला. कॅमेरा तिच्यावर धरला आणि टेप सुरू केली.

अंपारो गाऊ लागली. उंच, मोकळा आवाज. देल्फिनाचे ओठ हलले. एवारिस्तो श्वास रोखून त्या खालच्या सुराची वाट बघू लागला. कडवं संपत आलं तरी तो आलाच नाही. कानांत नुसती अंपारोच होती, जुन्या टेपमुळे थोडी घोगरी.

उशीर झाला, त्याच्या मनात आलं. गळा आत्ताच गेला. आईची फजिती त्याला बघवेना. त्यानं हळूच टेप बंद केली.

अंपारोचा आवाज थांबला नाही.

एवारिस्तोनं हेडफोन काढला. आवाज खोलीत होता. खुर्चीतली बाई डोळे मिटून, वरच्या सुरात, एकही जागा न चुकता गात होती. काका तोंड फिरवून रडत होते.

एवारिस्तोनं कॅमेरा वळवला. वेदीवर, भाजलेल्या मिरच्यांच्या ताटलीमागच्या फोटोत, त्याची आई हसत होती.