बंबावरचा चौथा

रस्कोनं टेबलावर पाच ताटल्या मांडल्या होत्या. आगीच्या बंबावर माणसं चारच. पाचवी मांडली ती स्टॅनची चेष्टा म्हणून. बाकीचे दोघं खाली बंब धूत होते.

"या पुढारी!" कोबी-सॉसेज ढवळता ढवळता रस्को ओरडला. "पाचवा गडी कुठंय? गाडीच्या डिकीत घालून आणलास का?"

स्टॅन दारातच थांबला. टोपी काढेना, की बसेना.

आगवाल्यांना संपाची बंदी. नगरपालिकेशी फाटलं की भांडण लवादाकडं जायचं, आणि तिथनं येईल तो निवाडा दोघांनी मुकाट गिळायचा. यंदा नगरपालिका म्हणत होती, बंबावर तिघंच पुरेत. मग सगळ्यात नवा तो घरी, म्हणजे रस्को. आणि जळत्या घरात शिरायचं कुणी, बाहेर पाणी धरायचं कुणी, ते ज्याचं त्यानं बघावं.

स्टॅन संघटनेचा जुना पुढारी. त्याचा हिशोब ठरलेला. ते तीन म्हणतायत ना, आपण पाच लिहू. लवाद मधोमध तोडतो. चार पदरात.

वकीलबाईनं बजावलं होतं, "स्टॅन, कायदा बदललाय. आता मधलं काही नाही. दोघांपैकी एकाचा कागद लवाद जसाच्या तसा उचलणार. नीट विचार करून लिहा."

"पोरी, तू लंगोटात होतीस तेव्हापासनं मी हेच करतोय," स्टॅन हसला होता. "लवाद झाला तरी माणूसच. मधोमधच येतो."

आता स्टॅन पुढं झाला. त्यानं दोन ताटल्या उचलल्या. एक पाचवी. एक रस्कोची.

रस्कोचा हात थांबला. "तीन?"

"तीन."

"बरं." रस्कोनं गॅस बारीक केला. मग म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नकोस, म्हाताऱ्या. तू भांडलास की. त्या लवादबाईच्याच मनात चौथा नसंल."

स्टॅननं दोन्ही ताटल्या फडताळात ठेवल्या. निवाडा झाल्यावर लवादबाईनं त्याला जिन्यात गाठलं होतं.

"पाच मला देता येईनात," ती म्हणाली होती. "चार लिहिले असतेत, तर तिथल्या तिथं सही केली असती."