काळकाईचं माप

सेजलने काळकाईच्या खांद्याला टेप लावला, तशी आवडीकाकी देवीच्या पेटाऱ्यापासून दोन पावलं पुढे सरकली. नवरात्रातली देवीची चोळी आजवर काकीच शिवायची. यंदा गावकीने ठरवलं, महिपतीच्या सुनेने, सेजलने, मुंबईत शिवणाचा क्लास केलाय, तिलाच देऊ.

पेटाऱ्यातला हा टेप देवीचा. माणसाच्या अंगाला तो कधी लावत नसत. त्याचा पहिला इंच उंदराने केव्हाच कुरतडला होता. काकीने टाके घालून टोक सारखं केलं होतं. माप घेताना ती मनातल्या मनात एक इंच उणा करायची आणि घरी फूटपट्टीने कापड बेतायची. हे ठाऊक होतं तिला आणि देवीला.

"काकी, मी सेंटीमीटरची बाजू घेते हं. बारीक कळतं."

"घे गो बाय, तुला येतंय ती घे."

एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटीमीटर. उंदराने खाल्लं ते दोन्हीकडचं. पण टोक कोण बघतंय? सगळ्यांचा डोळा आकड्यावर. घरी सेजलकडे क्लासचा नवाकोरा टेप होता. कापड ती त्यानेच बेतणार.

ओठावर आलेलं काकीने गिळलं. मंगळवारचा कडक उपास. पोटात गेलं ते तेवढंच.

घटस्थापनेला काकी सगळ्यांच्या आधी देवळात येऊन बसली. चोळी सैल होणार, देवीच्या खांद्यावरून घसरणार, मग बायका वळून आपल्याकडेच बघणार.

हैबती गुरवाने चोळी चढवली, बंद बांधले. कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही.

"अगो बाय, कशी अंगाबरोबर बसलीय!" प्रयागबाई म्हणाली.

काकीला राहवलं नाही. "नवा टेप लय गुणाचा हाय गो तुझा."

"नवा कुठला, काकी? देवीच्या अंगाला लागलेला टेप, म्हटलं कापडालाही तोच लावावा. गुरवकाकांना विचारून घरी नेला होता. माप त्यानेच, बेतणंही त्यानेच." सेजलने टेप गुंडाळून काकीच्या हातात दिला. "तुम्हीच ठेवा पेटाऱ्यात. तुमचा मान."

आरती सुरू झाली. सगळ्यांनी हात जोडले. काकीची मूठ मिटलेलीच होती. आत टोकाचे टाके ती नखाने एकेक करून उसवत होती.