नावाआधीचं अक्षर

मुलांनो, अशी कल्पना करा, की शाळेच्या हस्तलिखित वार्षिकाचे संपादक तुम्हीच आहात. सगळ्यांचे लेख तपासून सुंदर अक्षरात उतरवायचे आणि बाईंचा नियम पाळायचा. कोणाही मोठ्या माणसाचं नाव नुसतं लिहायचं नाही. माणूस हयात असेल तर आधी 'श्री.', वारला असेल तर 'कै.'.

चिखलीच्या वेणूकडे हे काम आलं, तेव्हा ब्रह्मदेशातली लढाई संपून वर्ष झालं होतं. तिच्या वर्गातल्या कासीने लढाईवर गेलेल्या वडिलांबद्दल लेख दिला. त्यात नाव नुसतंच होतं, पुंजाजी. त्यांची पत्रं कधीच थांबली होती आणि लोक काय बोलतात ते वेणूने ऐकलं होतं. कासीला न विचारताच तिने 'कै.' लिहून टाकलं.

संमेलनाच्या दिवशी कासी आईला घेऊन आली. आईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

"हे पाय माय, हे आमची संपादक. लय कडक हाय!" कासी हसत म्हणाली.

"मले वाचता येत नाही, पोरी. तूच वाच," आई वेणूला म्हणाली. "मी पाठ करून ठेवीन. कासीचा बाप आला का त्याले म्हणून दाखवीन."

वेणूला पान उघडावंच लागलं. कासी शेजारून डोकावत होती.



वेणूने त्या एका अक्षरावर अंगठा दाबून धरला आणि मोठ्याने वाचलं, "माझे वडील श्री. पुंजाजी..."