मे महिन्यातलं जाकीट

लोखंडी पेटीच्या तळाशी, मोनालीच्या नर्सिंगच्या वह्यांखाली जाकीट निघालं. काळं, जाडजूड, आणि मर्दानी. तुळसाबाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. खांदे असे रुंद, की आत मोनाली दोनदा मावली असती.

बाहेर मे महिना. घाटंजीत कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. अशा दिवसांत जाकीट कोण घेतं? ज्याला ते कोणाला तरी द्यायचं आहे, तोच. तेही सख्ख्या आईपासून लपवून.

लेक अंगणात कूलरमध्ये पाणी भरत होती. भिंतीवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये तेच गाणं. महिना झाला होता. कुठल्या परमुलखातल्या भाषेतलं, कोणास ठाऊक. गाणारी बाई हळूच सुरुवात करायची, आणि मग असा सूर लावायची, की कोणीतरी कोणाला सोडून चाललंय एवढं शब्दांवाचूनही कळावं. मोनाली सोबत गुणगुणायची. आईची चाहूल लागली, की चूप.

तुळसाबाई काही दुधखुळी नव्हती. जाकीट घेऊनच ती अंगणात आली.

"कोनाचं आहे हे?"

पाइप कूलरमधून निसटला. पाणी अंगणभर झालं. "माय, तू माह्या पेटीत कायले हात घातला?"

"पोराचं नाव सांग. आपल्यातला आहे का नाही, थे मंग पाहू."

"कोनी पोरगा नाही. माहंच आहे थे."

"मले येडी समजते का व? बाप्याचं जाकीट आहे हे."

"आत दोन स्वेटर घाला लागतात, म्हनून मोठं घेतलं. जुन्या कपड्यायच्या बजारातून." मोनालीनं नळ बंद केला. "जपानात लय बर्फ पडते, माय. या हिवाळ्यात जायचं आहे. जपानी भाषेच्या क्लासवाल्यायनं कामाचा कागद देल्ला. सांगनारच होती मी तुले."

तुळसाबाई ओट्यावर बसली. जाकीट मांडीवर. पोरगा असता, तर भांडता आलं असतं. चार माणसं बसवता आली असती. आणि लेक पळूनच गेली असती, तरी फार तर वणीपर्यंत गेली असती.

"अन् हे गानं?" तिनं शिल्लक राहिलेला संशय काढला. "हे कोनासाठी म्हनते?"

"क्लासात शिकवलं. हिवाळ्यातलं आहे, जीव जडलेल्या दोघायचं. तिथं सगळ्यायले येते. मले म्हाताऱ्यायच्या आश्रमात काम आहे, माय. काही जन जेवतच नाहीत म्हने. मंग जवळ बसून त्यायच्यासंग हे गानं म्हना लागते. गानं म्हनता म्हनता जेवतात."

तुळसाबाईनं ओल्या अंगणाकडे पाहिलं. पाणी वाळायला लागलं होतं.

"अन् त्यायचे लेकरं कुठी गेले?"

गाणं बंद करायला मोनालीनं मोबाइलकडे हात नेला.

"असू दे." तुळसाबाईनं त्या उन्हात जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून पाहिली. कुठं अडकत नव्हती. "वाजू दे. मले बी पाठ होऊ दे."